शेगडी चालू असली तरच दिवा लागतो!

घरातील दिवे दुरून चालविण्याची ‘एक्स-टेन’ नावाची पद्धत १९७५ साली स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने निर्माण केली. तीत निराळी तार लागत नाही. घरातील विजेच्या तारांतूनच आज्ञा जाते. प्रत्यावर्ती विजेचा दाब शून्यावर येतो त्या क्षणी १२० किलोहर्ट्‌झचा स्पंद उमटला तर १, न उमटला तर ०, अशी तिची भाषा.

अमेरिकेत मात्र एक चमत्कारिक तक्रार येई. दिवाणखान्यातील बटण दाबले तरी निजण्याच्या खोलीतील दिवा लागत नसे. पण स्वयंपाकघरात विजेची शेगडी चालू असली की तोच दिवा निमूट लागे! (प्रथम ऐकले तेव्हा मला ही थट्टाच वाटली.) बटण बदला, दिवा बदला, दोष कायम.

कारण असे की, तेथील घरांत विजेच्या १२० व्होल्टांच्या दोन शाखा येतात. बटण एका शाखेवर आणि दिवा दुसरीवर असला, तर आज्ञेला रस्त्यावरील रोहित्रातून वळसा पडतो व वाटेतच ती क्षीण होते. मोठी शेगडी २४० व्होल्टांची, म्हणजे दोन्ही शाखांना जोडलेली. तिच्या तापलेल्या तारेतून आज्ञा सरळ पलीकडे जाई. यावर उपाय म्हणजे दोन शाखांमध्ये योग्य धारित्र बसविणे. पण ते काम जाणत्या तंत्रज्ञाचेच.