बॉयलरवरचे दोन आकडे

प्रश्न : आम्ही नुकतेच इंग्लंडमध्ये राहायला आलो आहोत. स्वयंपाकघरातल्या गॅस बॉयलरवर रेडिएटरचं आणि नळाचं अशी दोन चित्रं आहेत. रेडिएटरसमोर ७५ आकडा दिसतो, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर मात्र २०. यातलं खरं तापमान कोणतं? ७५ चा आकडा उतरवला तर बिल उतरेल, की घर गार पडेल?

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. २० हे खोलीतल्या हवेचं तापमान. तेवढी ऊब आली की थर्मोस्टॅट बॉयलरला थांबायला सांगतो. ७५ हे बॉयलरमधून रेडिएटरकडे निघणाऱ्या पाण्याचं तापमान. त्यामुळे हा आकडा वाढवल्याने घर जास्त गरम होत नाही, फक्त लवकर गरम होतं. अनेकांचा गोंधळ होतो तो इथेच.

आता बिलाचं. गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते आणि त्या वाफेत बरीच उष्णता अडकलेली असते. इंग्लंडमध्ये २००५ पासून, काही अपवाद सोडता, घरात नवा बसवलेला गॅस बॉयलर या वाफेचं पुन्हा पाणी करून ती उष्णता वापरणारा असावा लागतो. पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असायला हवं. ते त्याहून गरम असेल, तर वाफ उष्णतेसकट धुराड्यातून बाहेर जाते. ७५ अंशांनी निघालेलं पाणी बरेचदा ५५ च्या वरच परततं. ६० अंशांनी निघालेलं पाणी चाळिशीत परततं आणि बॉयलर ज्यासाठी बनवला आहे ते काम करू लागतो. म्हणजे बॉयलर महागडा आणि नवा असूनही केवळ एका आकड्यामुळे वाया जातो, हे मला फार खटकतं. २०२२ च्या हिवाळ्यात गॅस महागला, तेव्हा ब्रिटिश सरकारनेही कॉम्बी, म्हणजे गरम पाण्याची टाकी नसलेल्या, बॉयलरचा हा आकडा ६० वर आणायला लोकांना सांगितलं होतं.

घर गार पडेल का? सहसा नाही. मात्र कोमट रेडिएटर उष्णता कमी देतो, म्हणून खोली तापायला वेळ लागतो. तेव्हा बॉयलर थोडा आधी सुरू होऊ द्या. कडाक्याच्या थंडीत २० चा आकडा गाठलाच जात नसेल, तर तेवढे दिवस पाण्याचं तापमान पाच-पाच अंशांनी वाढवा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी, वयस्कर माणूस असेल, तर बचतीपेक्षा ऊब महत्त्वाची. बाहेरच्या नळीतून पांढरी वाफ दिसते म्हणून घाबरू नका. अशा बॉयलरचं ते नेहमीचं लक्षण आहे.

नळाच्या चित्राबाबत आधी एक गोष्ट पाहा : घरात गरम पाणी साठवणारी टाकी आहे का? नसेल, तर तुमचा बॉयलर कॉम्बी आहे. तो आपल्याकडच्या इन्स्टंट गीझरसारखा, नळ उघडल्यावर पाणी तापवतो. तिथे ५० अंश पुरेत. आंघोळीला चाळीसच्या आसपासचं पाणी लागतं. ६० अंशांचं पाणी काढून त्यात गार पाणी मिसळण्यात गॅसही जातो आणि हात भाजण्याची भीतीही राहते. लंडनसारख्या जड पाण्याच्या भागात जास्त तापमानाने बॉयलरच्या आत क्षारही लवकर धरतात.

टाकी असेल, तर मात्र वरचा सल्ला तसाच्या तसा लावू नका. साठलेलं पाणी २० ते ४५ अंशांच्या दरम्यान राहिलं, तर त्यात लिजिओनेला हे जंतू वाढतात, आणि त्यांच्यामुळे न्यूमोनियाचा गंभीर प्रकार होऊ शकतो. म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं. बऱ्याच घरांत रेडिएटर आणि टाकी दोन्हींना एकच पाणी जातं. अशा वेळी बॉयलरचा आकडा ६५ च्या खाली आणू नये.

हे आकडे पुढच्या बटणांवरून तुम्ही स्वतः बदलू शकता, पण बॉयलरचं झाकण उघडू नका. ते काम ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या कारागिराचंच आहे, आणि भाड्याच्या घरात त्याला बोलावण्याची जबाबदारी घरमालकाची असते.