'पर्यंत' एकच, 'बाय' की 'टिल'?

शंका : "सोमवारपर्यंत अर्ज देईन" याचं भाषांतर नववीच्या मुलांनी 'टिल मंडे' असं केलं. मी 'बाय मंडे' असं दुरुस्त केलं, पण "टिल म्हणजे पर्यंतच ना?" यावर मला नीट सांगता आलं नाही. आणि 'ने' दिसला की मुलं 'बाय' लावतात, त्याचं काय करावं?
– एक शिक्षिका, पिंपळनेर (ता. साक्री)

समाधान : ताई, तुमची दुरुस्ती बरोबर आहे आणि मुलांचा प्रश्नही रास्त आहे. आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत मात्र आधी क्रियापद बघावं लागतं. काम एकदा होऊन संपणारं आहे की चालू राहणारं?

तुमच्या लाटीपाडा धरणाचंच घ्या. 'धरण 15 ऑगस्टपर्यंत भरेल.' भरणं एकदाच पुरं होतं, त्या तारखेला किंवा तिच्याआधी. इथे 'बाय'. 'पाणी मार्चपर्यंत पुरेल.' पुरणं रोज चालू राहतं. इथे 'टिल'. ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा. अर्ज देणं पहिल्या जातीतलं, म्हणून 'बाय मंडे'. कचेरी सोमवारपर्यंत उघडी राहणार असेल, तर 'टिल मंडे'. नकारात जरा जपून. 'ती सोमवारपर्यंत येणार नाही' यात न येणं चालू राहतं, म्हणून तिथे 'टिल'.

आता 'ने'. 'शेतकऱ्याने विळ्याने बाजरी कापली' यात 'ने' दोनदा आला. इंग्रजीत कर्मणी प्रयोग केला की करणाऱ्याला 'बाय' आणि हत्याराला 'विथ' : 'बाय द फार्मर विथ अ सिकल'. प्रवासात 'बाय बस' बरोबर, पण ठरावीक बस सांगायची असेल तर 'ऑन द नवापूर बस'. 'काकांच्या गाडीने' म्हणजे 'इन माय अंकल्स कार'. 'बाय वॉक' सर्रास ऐकू येतं, पण ते चूकच. 'ऑन फूट' म्हणावं. भाडं 'दहा रुपयांनी' वाढलं, तिथे मात्र 'बाय' चपखल बसतो.

'बाय'पुढे नाम नसलं की तो क्रियाविशेषण होतो. 'अ हाउस बाय द रिव्हर' म्हणजे पांझरेकाठचं घर, इथे पुढे नाम आहे. पण 'द बस वेंट बाय' म्हणजे बस न थांबता समोरून निघून गेली.

मुलांचे गुण कापायचे तर कापा, पण 'भरणं' आणि 'पुरणं' यांतला फरक आधी त्यांच्याच तोंडून मराठीत वदवून घ्या.