खर्चाचा तक्ता आणि शिमगा

अगं, प्रस्तावाची मुदत जवळ आली म्हणून तुझी झोप उडालीय ना? विषय तर तुझा पक्का आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचा आहार. घाबरवतोय तो शेवटच्या पानावरचा खर्चाचा तक्ता. खरं सांगू का, आकडे राहू देत बाजूला, आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढ.

जव्हार-मोखाड्यात दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, वाडा, भिवंडी, वसईकडे. शिमग्याला मात्र बहुतेक सगळे घरी येतात. आणि बघ, शिमगा येतो साधारण मार्चात, आर्थिक वर्ष संपता संपता. म्हणजे माणसं भेटायची वेळ झाली की लेखा विभाग हिशेब मिटवायला बसलेला! म्हणून पहिली फेरी भातकापणीआधी उरक, दुसरी शिमग्याला ठेव आणि तिचा अग्रिम जानेवारीतच माग. भट्टीवर जाऊन भेटणार असशील तर तो प्रवास वेगळा दाखव. ३१ मार्चला पैसे उरले तर पुढच्या वर्षी वापरायला परवानगी मागावी लागते, आणि ती येईपर्यंत पाऊस लागतो.

प्रवासखर्चात एसटीचं तिकीट लिहून मोकळी होऊ नकोस हं. आतल्या पाड्यांवर जीप करावी लागते आणि जीपवाला छापील बिल देत नाही. त्याच्याकडून हातपावती घे: तारीख, कुठून कुठे, रक्कम, गाडीचा नंबर, सही. रक्कम ५,००० रुपयांच्या वर गेली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लाव. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही हवीच. अशी पावती चालेल का, हे लेखापालांना आधीच विचार, मार्चमध्ये नको.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. तुझ्यासमोर दोन तास बसून उत्तरं देणारी बाई त्या दिवशीची मजुरी बुडवते गं. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग बातम्यांत आला, तेव्हापासून इथे किती जण वह्या घेऊन येऊन गेले. तिच्या वेळेचे पैसे धर, आणि ते ‘किरकोळ’मध्ये लपवू नकोस, स्वतंत्र ओळीत लिही. कुणी भुवया उंचावल्या तर आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दाखव. प्रवासखर्च आणि दिलेल्या वेळेचा मोबदला द्यायला त्यांत मुभा आहे. वारली बोलणारी पाड्यावरचीच एखादी मुलगी सोबत घेशील, तिचंही मानधन लाव. तिच्याशिवाय तुझी प्रश्नावली अर्धीच भरेल.

‘संस्थेचा वाटा’ या ओळीवर तुझा राग आहे, ठाऊक आहे मला. पण वीज, कागद, लेखनिकाचा वेळ यांचाही खर्च असतोच. तो वाटा दे, आणि बदल्यात प्राचार्यांकडून लेखनिकाची आठवड्यातली एक दुपार लेखी मागून घे. छोट्या कॉलेजात संशोधनासाठी वेगळा कक्ष नसतो, तिथे ही एक दुपार फार उपयोगी पडते.

आणि उपयोगिता प्रमाणपत्राला आत्तापासून भिऊ नकोस. केंद्राचा निधी असेल तर सामान्य वित्तीय नियमांतला (जीएफआर २०१७) १२-ए नमुना आजच छापून घे. मंजूर किती, मिळाले किती, खर्च किती, शिल्लक किती, मुख्यतः एवढंच तर विचारतात. तक्त्यात जी शीर्षं आहेत तीच खर्चाच्या वहीत ठेव, आणि दर महिन्याला एका संध्याकाळी पावत्या चिकटवून टाक. तुझ्याकडून होणार आहे हे. वर्गाची हजेरी सांभाळतेस त्याहून हे अवघड नाही.

उद्या कच्चा तक्ता घेऊन आधी लेखापालांकडे जा, प्राचार्यांकडे नंतर. आणि लेखापालांनी जिथे जिथे लाल पेन चालवलं, ते पान मला पाठव.