पैशाच्या वाटेवरची देखरेख : पदवीधरांसाठी एक शागिर्दी

कापडाच्या दुकानात नवा मुलगा ठेवला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात कोणी गज देत नाही. तो ताके उलगडतो, घड्या घालतो आणि मालक गिऱ्हाईकाशी काय बोलतो ते ऐकतो. मोठ्या बँकांत पदवीधरांना काही महिने ठेवून घेतात, त्या इंटर्नशिपचा अर्थ याहून फार वेगळा नाही. माझी भाची एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिने विचारले, "मामू, फायनान्शियल मार्केट इन्फ्रास्ट्रक्चरची देखरेख म्हणजे काय?" आमची तालीम उर्दूतली, त्यामुळे हे नाव मलाही जड गेले. मात्र आतली गोष्ट आपल्या धंद्यातलीच निघाली.

सौदा झाला की माल एका बाजूने निघतो आणि पैसा दुसऱ्या बाजूने. या दोहोंच्या मधली वाट सांभाळणाऱ्या संस्था म्हणजे हे इन्फ्रास्ट्रक्चर. आपण सूतवाल्याला आरटीजीएसने रक्कम पाठवतो, ती यंत्रणा रिझर्व्ह बँक स्वतः चालवते. सरकारी रोखे आणि परकीय चलनाच्या सौद्यांचे क्लिअरिंग २००१ साली स्थापन झालेले क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया करते. यूपीआय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आहे. शेअर बाजाराच्या क्लिअरिंगवर सेबीची नजर असते. पैसे पाठवण्याच्या यंत्रणांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला २००७ च्या कायद्याने मिळाला आणि तो कायदा ऑगस्ट २००८ पासून लागू झाला.

देखरेख कशासाठी, हे समजण्यास जर्मनीतील एक घटना पुरेशी आहे. २६ जून १९७४ रोजी कोलोन शहरातील हेरस्टाट बँक तेथील सरकारी अधिकाऱ्यांनी बंद केली. तेव्हा जर्मनीत कामाचा दिवस संपत आला होता आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती. ज्या बँकांनी तिला जर्मनीत मार्क देऊन टाकले होते, त्या न्यूयॉर्कमध्ये डॉलरची वाट पाहत राहिल्या. पेढीला कुलूप लागण्याच्या दिवशीच आपले गठ्ठे ट्रकमधून उतरलेले असावेत, तसा हा प्रकार. मी एकदा ३० गठ्ठे असेच घालवले आहेत, म्हणून ही गोष्ट वाचताना मला त्या बँकांची फार कीव आली.

यावर उपाय असा, की दोन्ही बाजूंची देणी एकाच वेळी पुरी व्हावीत, किंवा मध्ये अशी संस्था उभी राहावी जी दोघांकडून आधीच मार्जिन घेऊन ठेवते. पण मग ती मधली संस्थाच बुडाली तर? सगळी मेख इथेच आहे. २०१२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर अशा संस्थांसाठी २४ तत्त्वे ठरली. देखरेख करणारा ती समोर ठेवून प्रश्न विचारतो : सर्वांत मोठा सभासद देणे चुकला तर शिल्लक पुरेल का? तोटा कोणी, कोणत्या क्रमाने सोसायचा? संगणक बंद पडले तर दोन तासांत काम पुन्हा सुरू होईल का? शिकाऊ विद्यार्थी या कामात असेल तर त्याने नियम वाचणे, आकडे जुळवणे आणि टिपण लिहिणे शिकायचे असते. उधारीच्या वह्या लहानपणापासून पाहिलेल्या मुलांना हे प्रश्न परके वाटू नयेत.

रिझर्व्ह बँक दर उन्हाळ्यात विद्यार्थी घेते. पदव्युत्तर वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, तसेच कायद्याचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. अट अशी, की अभ्यासक्रमाचे शेवटून दुसरे वर्ष चालू असावे. म्हणजे दोन वर्षांच्या एम.कॉम.ला पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो, आणि आपली मुले नेमकी इथेच चुकतात. निकाल हाती आल्यावर चौकशीला निघतात, तोवर दार बंद झालेले असते. अर्ज आदल्या हिवाळ्यापर्यंत जायला हवा, पुढे मुलाखत होते. मानधन मिळते. विभाग बँक ठरवते, देखरेखीचाच मिळेल असे नाही.

भाचीचे वडील कागदपत्रांना हरकत घेत नाहीत. त्यांची अडचण एकच, तीन महिने मुंबईत मुलीने राहायचे कोठे? इलाजासाठी आलेल्या पाहुण्याला आपण दोन-दोन महिने घरी ठेवतो. माझ्या चुलत बहिणीचे घर भायखळ्यात आहे, तिला मी पत्र टाकले आहे.