अलर्ट वाजला नाही, बोल मात्र मला

मोंढ्यातल्या लोकांना शिकागोचं वेड का लागलं, हे इकडे कुणाला सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले, मग मुदतीमागून मुदत वाढत गेली. एनसीडीईएक्स या वायदेबाजाराच्या भावावर नजर ठेवून माल धरणारे-सोडणारे लातूर-नांदेडचे व्यापारी त्यानंतर रात्री शिकागोच्या सोयाबीन वायद्यांचा चार्ट उघडून बसू लागले. तिथलं मुख्य सत्र आपल्या संध्याकाळी सातला सुरू होतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपतं. रोज कोण जागणार? चार्टवर रेघ ओढा, भाव तिथे लागला की फोन वाजेल, असं सॉफ्टवेअर एका कंपनीने काढलं. त्याची मराठी माहितीपुस्तिका मी लिहिली.

मन लावून लिहिली. प्रत्येक बटण स्वतः दाबून पाहिलं. ‘भाव रेघेला लागला की त्याच क्षणी अलर्ट वाजतो’ हे वाक्य मी तपासून लिहिलं आणि त्यांच्या प्रोग्रामरने ते वाचून ‘बरोबर’ म्हणून कळवलं. तो मेल माझ्याकडे आहे.

मग एके रात्री नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या एका आडत्याचा फोन. “ओ सर, तुमच्या पुस्तकात लिवलंय, भाव लागला की वाजणार. भाव रेघेच्या वर जाऊन परत खाली आला, फोन मुकाच. आता काय करावं म्या?” सकाळी प्लांटवाल्यांशी बोलायचं की आणखी थांबायचं, हे तो त्या अलर्टवर ठरवणार होता.

मी चार्ट उघडला. तासाच्या कँडलची, म्हणजे एका तासातले भाव दाखवणाऱ्या दांडीची, वरची वात रेघ ओलांडून स्पष्ट वर गेलेली, आणि यादीत अलर्ट मात्र ‘चालू’ म्हणून शांत पडलेला. एक मिनिटाच्या कँडलवर तसाच अलर्ट लावला, तो मिनिट संपल्यावर वाजला. पाच मिनिटांच्या कँडलवर लावला, तर पाच मिनिटं पुरी होईपर्यंत गप्प. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अलर्ट आता भाव लागल्यावर वाजतच नव्हता, कँडल रेघेपलीकडे बंद झाली तरच वाजत होता. भाव वर जाऊन तासाच्या आत खाली आला, तर जणू काही घडलंच नाही.

प्रोग्रामरला विचारलं. “हो सर, मागच्या अपडेटमध्ये बदललं. उगाच फार अलर्ट जायचे. तुम्हाला सांगायचं राहिलं.” आवाजात कसलीच खंत नाही. बदल वाईट होता असं मी म्हणत नाही. खोट्या उसळीवर फोन वाजू नये म्हणून पुष्कळ जण मुद्दाम कँडल बंद होण्याचीच अट लावतात. पण ती अट निवडायची मुभा वापरणाऱ्याला हवी, आणि बदलली तर त्याला कळायला हवं. कंपनीने काय केलं? ग्राहकांना निरोप धाडला, ‘माहितीपुस्तिकेतील त्रुटीबद्दल दिलगीर आहोत.’ त्रुटी पुस्तिकेतली! वर माझ्या बिलातून रक्कम कापली. मी फोन केला, तर ‘सर मीटिंगमध्ये आहेत’.

असं काम कुणी घेणार असेल तर त्याने पुस्तिकेच्या पानापानावर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख छापावी. अलर्ट कधी वाजतो हे कंपनी हौसेने सांगते. कधी वाजत नाही, ते खोदून विचारावं आणि वेगळ्या प्रकरणात लिहावं. रेघ नंतर हलवली तर जुना अलर्ट जुन्याच भावावर राहतो का? मुदत संपली तर सूचना येते का? फोन बंद असताना वाजलेला अलर्ट नंतर दिसतो का? दर अपडेटनंतर हे पुन्हा तपासायचं काम करारात घालावं, त्याच्या पैशांसकट. अर्धे पैसे आधी घ्यावेत. सगळं लेखी असावं, हे तर झालंच.

व्यापाऱ्यांनाही सांगतो. फुकट चार्टवर शिकागोचा भाव बहुधा दहा मिनिटं उशिराचा असतो, मग अलर्टही तेवढाच उशिरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ मागे जातं, त्यानंतर सत्र आपल्याकडे सातऐवजी आठला उघडतं. ऐन आवकेच्या दिवसांत लोक इथे फसतात. तिथला आकडा सेंटमध्ये आणि बुशेलला असतो. सोयाबीनचा बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलो, म्हणून १००० सेंट म्हणजे क्विंटलला पावणेसदतीस डॉलरच्या आसपास. त्याला डॉलरच्या दराने गुणलं तरी लातूरचा सौदा निघत नाही. इथे ओलावा, आवक, प्लांटची गरज आणि खाद्यतेलावरचं आयात शुल्क बोलतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं, ते शिकागोच्या कुठल्या रेघेवर दिसणार होतं?

माझी जुनी पुस्तिका त्यांच्या ॲपमध्ये अजून आहे, माझ्या नावासकट. काढा म्हणून लिहिलं, उत्तर नाही. तुमच्या फोनमध्ये ती असेल, तर ‘त्याच क्षणी’ हे दोन शब्द खोडून टाका आणि एक मिनिटाच्या कँडलवर अलर्ट लावून स्वतः खात्री करून घ्या.