पुन्हा यावेसे वाटणारे दुकान : ऑनलाईन विक्रीचा एक पाठ

आठवड्याच्या बाजारात वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्या विक्रेत्याला फारशी जाहिरात करावी लागत नाही. गिऱ्हाईक येते, वस्तू हातात घेते, उलटसुलट करून पाहते, भाव करते आणि माल मनाजोगता निघाला तर पुढच्या बाजारी पुन्हा त्याच जागी येते. जागा ठरलेली, माणूस ओळखीचा आणि वस्तू डोळ्यांसमोर, या तीन गोष्टींवर हा विश्वास उभा असतो. ऑनलाईन दुकानात या तिन्हींपैकी एकही आपोआप लाभत नाही. ग्राहक शेकडो मैलांवर असतो. वस्तूऐवजी तिचे छायाचित्र दिसते आणि विकणाऱ्याचा चेहरा तर दिसतच नाही. म्हणून बाजारात जे सहज घडते, ते येथे विचारपूर्वक घडवून आणावे लागते. ऑनलाईन दुकानाची रचना म्हणजे मुख्यतः हेच काम होय.

गेल्या काही वर्षांत बचत गट, कारागीर आणि शेतकरी उत्पादक कंपन्या या मार्गाकडे वळू लागल्या आहेत. दुकान उघडणे आता कठीण राहिलेले नाही. भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे काढता येतात आणि २०१६ मध्ये यूपीआयची सोय झाल्यापासून पैसे स्वीकारणेही सुलभ झाले आहे. कठीण आहे ते एकदा आलेल्या ग्राहकाला पुन्हा आणणे. नवा ग्राहक मिळवण्यासाठी दर वेळी जाहिरातीवर खर्च करावा लागतो. समाधान पावलेला ग्राहक मात्र स्वतः परत येतो आणि आणखी चौघांना घेऊन येतो. ज्यांचे भांडवल थोडे, त्यांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण

हा विषय समजून घेण्यासाठी कोल्हापुरी चपलेचे उदाहरण उपयुक्त ठरेल. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने घातलेली शिवण, बारीक वेणी आणि दोन्ही बाजूंचे कान ही या चपलेची ओळख. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या उद्योगास उत्तेजन मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे या मानांकनात येतात.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या विख्यात कंपनीच्या वेशभूषा प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या, पण तेथे कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून आक्षेप घेतले गेल्यानंतर या चपलांमागे भारतीय पारंपरिक पादत्राणांची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. वस्तू जगाच्या डोळ्यांत भरते, परंतु ती घडवणाऱ्याचे नाव वस्तूबरोबर जाईलच असे नाही. ते नाव ग्राहकाच्या मनात कोरण्याचे एक साधन कारागिराच्या स्वतःच्या हातात आहे आणि ते म्हणजे त्याचे दुकान.

दर्शनी पान कसे असावे

दुकानात पाऊल टाकताच तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. येथे काय मिळते, कोण विकतो आणि ते घरपोच कसे येते? अनेक नवी दुकाने येथेच चुकतात. फिरती चित्रे, चमकणारी अक्षरे, सणाच्या शुभेच्छा आणि मान्यवरांची छायाचित्रे यांच्या गर्दीत चप्पल शोधावी लागते. उलट एका स्वच्छ छायाचित्रात चप्पल, शेजारी गावाचे नाव आणि खाली 'हाताने शिवलेली, खिळा नसलेली' एवढीच ओळ असली तरी पुरते.

नाव लहान, उच्चारण्यास सोपे आणि एकाच प्रकारे लिहिलेले असावे. २०१४ पासून देवनागरी लिपीतही 'भारत' या अंत्यनामाचा पत्ता घेता येतो. बाहेरच्या ग्राहकांसाठी रोमन लिपीतील पत्ताही जोडीला ठेवावा. जे नाव व जो रंग पानावर, तेच नाव व तोच रंग पावतीवर, खोक्यावर आणि भ्रमणध्वनीवरील संदेशात दिसला पाहिजे. वारंवार एकाच रूपात भेटणारी गोष्ट स्मरणात राहते.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पुष्कळसे ग्राहक दुकान पाहतात ते भ्रमणध्वनीवर आणि बेताच्या जोडणीवर. भ्रमणध्वनीने काढलेले मूळ छायाचित्र कित्येकदा चार-पाच मेगाबाइटचे भरते. अशी दहा छायाचित्रे तशीच टाकल्यास पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. आकार कमी करून तेच चित्र दोन-तीनशे किलोबाइटमध्ये चांगले दिसू शकते.

शब्दांनी वस्तू हातात द्यावी

वस्तूला हात लावता येत नाही, ही उणीव माहितीने भरून काढायची असते. 'उत्कृष्ट दर्जा' आणि 'आकर्षक रंग' असल्या शब्दांतून ग्राहकाला काहीच कळत नाही. चपलेचे वजन किती, तळाची जाडी किती, कातडे कोणते, शिवण कशाची, पावसात चालते का, या प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. छायाचित्रे निदान चार असावीत. वरून, बाजूने व तळाची अशी तीन आणि चौथे पायात घातलेल्या चपलेचे. ती दिवसाच्या उजेडात काढलेली असावीत, म्हणजे रंगाविषयी फसगत होत नाही.

पादत्राणांच्या बाबतीत खरा प्रश्न मापाचा आहे. कोल्हापुरीचा पट्टा आणि अंगठा बुटाच्या नाडीप्रमाणे सैल किंवा घट्ट करता येत नाही. माप चुकले की चप्पल परत येते आणि येण्याजाण्याचा खर्च कारागिराच्या मजुरीतून जातो. यावर उपाय अगदी सोपा आहे. ग्राहकाने कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढावी आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. पाय संध्याकाळी किंचित मोठा असतो, म्हणून माप त्या वेळी घ्यावे. दोन्ही पाय मोजून मोठे माप धरावे. ही कृती चित्रांसह देऊन समोर सेंटिमीटर व क्रमांक यांचा तक्ता ठेवल्यास परत येणारे जोड खचितच कमी होतील.

दोषही लपवू नयेत. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस टोचते. हाताने घडवलेल्या जोडाच्या रंगात थोडा फरक पडतो. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या कातड्याला पाणी मानवत नाही. हे आधीच सांगणारा दुकानदार विश्वासास पात्र ठरतो, तर नंतर स्वतःच्या अनुभवाने हे शिकणारा ग्राहक पुन्हा फिरकत नाही.

किंमत आणि पैसे देण्याची रीत

ग्राहक सर्वाधिक बिथरतो तो शेवटच्या पायरीवर. पानावर एक किंमत आणि पैसे भरताना टपालखर्च, वेष्टनखर्च व कर मिळून दुसरीच किंमत, असा प्रकार झाला की तो टोपली तशीच सोडून जातो. म्हणून घरपोच होईपर्यंतची एकूण रक्कम आरंभीच सांगावी. खरेदीपूर्वी खाते उघडण्याची सक्ती करू नये. नाव, पत्ता आणि दूरध्वनी एवढ्यावर काम भागते. अनावश्यक माहिती विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यामुळे अशी माहिती जपण्याची जबाबदारीही येते.

वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याने व्ही. पी. ची सोय १८७७ मध्येच सुरू केली होती आणि मराठी पुस्तके गावोगावी पोहोचण्यास तिची मोठी मदत झाली. पहिल्या खरेदीच्या वेळी अनेकांना हाच मार्ग सुरक्षित वाटतो. मात्र पार्सल नाकारले गेल्यास तोटा विक्रेत्याला सोसावा लागतो. तेव्हा माल पाठवण्यापूर्वी एक दूरध्वनी करून मागणीची खात्री करून घेणे शहाणपणाचे आहे. त्या दोन मिनिटांच्या संभाषणात माप तपासले जाते आणि माणसाची ओळखही होते.

खोके उघडल्यानंतर

विक्री पूर्ण झाली असे दुकानदाराला वाटते, तेव्हाच ग्राहकाचा खरा अनुभव सुरू होतो. माल निघाल्याचा संदेश वेळेवर जावा. उशीर होणार असेल तर त्याने विचारण्यापूर्वी तसे कळवावे. खोक्यात एक लहानशी चिठ्ठी असावी. चप्पल मऊ पडण्यासाठी तेल कसे लावावे, ओली झाल्यास सावलीत कशी सुकवावी आणि शिवण उसवल्यास कोणाकडे पाठवावी, हे तिच्यात लिहावे. जोड कोणी शिवला आणि वेणी कोणी घातली, त्यांची नावे त्यांच्या संमतीने द्यावीत. या व्यवसायात वेणी घालण्यासारखी नाजूक कामे बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि त्यांची नावे आजवर कोठेच नोंदली गेली नाहीत. अशी चिठ्ठी ग्राहक फेकून देत नाही. दोन वर्षांनी चप्पल झिजली की तो तीच शोधतो.

दुरुस्तीची सोय हा तर परत येण्याचा हमखास मार्ग आहे. बाजारातील चांभाराकडे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे जात असे, ते नव्या जोडासाठी जितके, तितकेच जुन्या जोडाच्या टाक्यासाठी.

तक्रार ही दुसरी संधी

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम, २०२० यांनी काही बंधने घातली आहेत. दुकान चालवणाऱ्या संस्थेचे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील पानावर असला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक बनून स्तुतिपर अभिप्राय लिहिणेही निषिद्ध आहे. दाद मिळाली नाही तर ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर जाऊ शकतो. नियम पाळणे आवश्यकच आहे, पण चतुर दुकानदार ४८ तासांची वाट पाहत नाही. चूक झाली असल्यास ती त्याच दिवशी कबूल करून जोड बदलून देणारा विक्रेता ग्राहकाच्या स्मरणात राहतो. कित्येकदा कधीच न चुकलेल्या दुकानापेक्षा तोच अधिक राहतो.

याउलट काही युक्त्यांनी तात्पुरती विक्री वाढते, पण पत जाते. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे किंवा खर्च शेवटपर्यंत लपवून ठेवणे, हे त्यांपैकी काही प्रकार. केंद्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली आहे.

गावाचे काम

मोठ्या व्यापारी संकेतस्थळांवर माल ठेवणे लाभाचे आहेच, कारण तेथे ग्राहकांची वर्दळ असते. परंतु तेथे ग्राहकाच्या लक्षात राहते ते संकेतस्थळाचे नाव. कारागिराचे नाव पुष्कळदा मागे पडते. म्हणून तेथील विक्रीबरोबरच स्वतःचे लहानसे दुकान आणि स्वतःची ग्राहकवही ठेवणे हिताचे आहे.

या कामी गावातील जाणत्या मंडळींचे साहाय्य मोलाचे ठरेल. शिक्षकांनी वस्तूची माहिती शुद्ध व सोप्या भाषेत लिहून द्यावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून छायाचित्रे काढून घेणे आणि मापांचा तक्ता तयार करवून घेणे हा उत्तम प्रात्यक्षिक पाठ होऊ शकतो. ग्रामपंचायतीने पार्सले बांधण्यासाठी एखादी कोरडी खोली आणि भरवशाची आंतरजाल जोडणी उपलब्ध करून द्यावी. अधिकाऱ्यांनी दुकानाच्या उद्घाटनाइतकेच लक्ष वर्षभरानंतरच्या वहीकडे द्यावे. किती दुकाने उघडली या आकड्यापेक्षा किती ग्राहक दुसऱ्यांदा आले, हा आकडा अधिक बोलका आहे.

बाजारातल्या विक्रेत्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नियम येथेही तोच आहे. जे सांगितले तेच द्यावे, जेव्हा सांगितले तेव्हा द्यावे आणि चुकले तर भरून द्यावे. साधन नवे आले असले तरी दुकान टिकते ते या नियमावरच.