नवा दूरदर्शन संच आणि अस्पष्ट चित्र : पांढुर्णा-सौंसर परिसरातील प्रेक्षकांसाठी

राज्यपुनर्रचनेनंतर, १९५६ साली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा मात्र मध्यप्रदेशातच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. या भागात अनेक घरांची भाषा मराठी, तर कार्यालयाची आणि बहुतेक शाळांची हिंदी आहे. त्यामुळे येथील दूरदर्शन संचाकडून दुहेरी अपेक्षा असते. भोपाळची वार्तापत्रे ऐकायची असतात आणि सह्याद्री वाहिनीवरील मराठी कार्यक्रमही पाहायचे असतात. संत्र्याची विक्री झाल्यावर मोठ्या हौसेने नवा संच घरी येतो आणि आठवड्याच्या आतच चित्र फुटू लागते. मग संच पुन्हा खोक्यात भरून दुकानी नेला जातो. दुकानात तो निर्दोष चालतो, कारण दोष संचात नसतो. तो बहुधा घराच्या छपरावर असतो.

पूर्वी अशा दोषांचे स्वरूप निराळे होते. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील मनोऱ्याच्या दिशेने उंच बांबूवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना उभारला जाई. एकजण छपरावर तो फिरवी, दुसरा अंगणातून ओरडून चित्राची बातमी देई. प्रक्षेपण क्षीण असेल तर पडद्यावर मुंग्या दिसत; टेकडीवरून परावर्तित झालेली लहर मागाहून पोहोचली तर एका माणसाची दोन माणसे दिसत. दूरदर्शनची भूप्रक्षेपित ॲनालॉग केंद्रे २०२२ पर्यंत बहुतांशी बंद करण्यात आली. म्हणून जुना अँटेना नव्या संचास जोडून ‘चॅनेल शोधा’ ही आज्ञा कितीही वेळा दिली तरी पदरात काही पडत नाही. अशा वेळी संच बिघडला असा निष्कर्ष काढणे अयोग्य होय.

उपग्रहाद्वारे थेट ग्रहण ही कल्पना मात्र नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्यांत तत्कालीन मध्यप्रदेशातील रायपूरचा परिसरही होता. त्या वेळची जाळीची छत्री सुमारे १० फूट व्यासाची होती. आजची जेमतेम २ फुटांची आहे. आकार लहान झाला, परंतु दिशेबाबतची शिस्त कमी झालेली नाही.

चित्र खराब दिसताच प्रथम एक सोपी परीक्षा करावी. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरील मेनूचे बटण दाबावे. मेनूची अक्षरे बॉक्समध्येच तयार होतात, छत्रीवरून येत नाहीत. ती स्वच्छ व स्थिर दिसत असतील आणि कार्यक्रमाचे चित्र मात्र चौकोनी तुकड्यांत फुटत असेल, तर संच व त्याची जोडणी ठीक असून दोष छत्रीत, वायरीत किंवा छत्रीसमोरील यंत्रात, म्हणजे एलएनबीत, आहे. मेनूच अस्पष्ट असेल तर दोष घरातला समजावा. या एका परीक्षेने दुकानाच्या निम्म्या खेपा वाचतील.

छत्रीचा विचार अधिक बारकाईने करणे आवश्यक आहे. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. तिच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पांढुर्णा किंवा सौंसर येथून पाहिले असता तो आग्नेयेपासून किंचित दक्षिणेकडे, म्हणजे होकायंत्राच्या सुमारे १४४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच असतो. छत्री मात्र तेवढी वर पाहताना दिसत नाही. तिची घडण तिरकी असल्यामुळे तिचे तोंड खरी नजर असते त्यापेक्षा बरेच खाली वळलेले भासते, आणि म्हणून नवशिका मनुष्य ती नाहक आकाशाकडे उलटी करतो. शेजाऱ्याची छत्री पाहून आपली बसविण्यातही धोका आहे. खासगी कंपन्यांचे उपग्रह निराळ्या रेखांशांवर असतात.

दोन फुटी छत्रीची कड एक सेंटिमीटर सरकली की तिची दिशा सुमारे दोन अंशांनी बदलते. एवढ्यानेही चित्र जाऊ शकते. वानराची उडी, वळवाचा वारा किंवा वाळत घातलेली गोधडी हे त्यास पुरेसे होते. दिशा साधताना बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्टे दिसतात, एक शक्तीचा व दुसरा गुणवत्तेचा. छत्री चुकीच्या दिशेस असतानाही शक्तीचा पट्टा भरलेला दिसू शकतो. विश्वास गुणवत्तेच्या पट्ट्यावरच ठेवावा. छत्री अगदी थोडी हलवून काही सेकंद थांबावे, कारण बॉक्सला उत्तर देण्यास वेळ लागतो. घाईने फिरविणाऱ्यास उपग्रह सापडूनही कळत नाही.

बसविताना स्वच्छ असलेली छत्रीची वाट पुढे झाडाने अडते, ही या भागातील नेहमीची गोष्ट आहे. आग्नेयेकडील कडुलिंब पावसाळ्यात दाट होतो. झाडाचा शेंडा छत्रीपेक्षा १७ फूट उंच असेल तर त्याच्या फांद्या छत्रीपासून किमान १० फुटांपलीकडे असल्या पाहिजेत. फांदी छाटण्याऐवजी छत्री हलविणे पुष्कळदा सोयीचे ठरते. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे नाहीसे होणे हा दोष नव्हे. त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. तसेच मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. तेव्हाही काही दिवस थोडा वेळ चित्र बिघडते व आपोआप सुधारते. अशा वेळी छत्रीस हात लावू नये.

वायरीचे दोष लपून राहतात. टोकाच्या पितळी जोडात पाणी शिरले, किंवा बाहेरील जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेस चिकटला, तर ग्रहण बंद पडते. वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाईल.

आता घरातील दोष. पडदा निळा होऊन ‘सिग्नल नाही’ असे दिसल्यास रिमोटवरील सोर्सचे बटण दाबून बॉक्स जोडलेली जागा निवडावी. तीन रंगांच्या जुन्या वायरीऐवजी एचडीएमआय वायर वापरल्यास चित्र स्पष्ट होते. माणसे रुंद व बुटकी दिसत असतील तर चित्राचे प्रमाण बदलावे. साधारण प्रतीची वाहिनी मोठ्या पडद्यावर जवळून पाहिली तर ती पुसट दिसणारच. त्यास दूर बसणे हाच उपाय. जुन्या बॉक्सवर एमपेग-४ पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत, त्या शोधण्यात वेळ घालवू नये. काही नव्या संचांत उपग्रहग्राहक आतच बसविलेला असतो. तेथे वेगळ्या बॉक्सची गरज नसते.

शाळांच्या बाबतीत विलंब परवडत नाही. पीएम ई-विद्या योजनेखाली २०२० पासून इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या फ्री डिशवर उपलब्ध झाल्या. ठरलेल्या वेळी पडदा काळा राहिला तर तो पाठ त्या वर्गास मुकला. यास्तव शिक्षकांनी तासापूर्वी संच लावून पाहावा. छत्री योग्य दिशेस बसल्यावर खांबावर व पकडीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. पुढे छत्री सरकली तर रेघा जुळवून ती पूर्ववत करता येते. विद्यार्थ्यांना छपरावर चढवू नये. विजा कडाडत असताना किंवा ओल्या पत्र्यावर कोणीही चढू नये, आणि वीजवाहक तारा जवळून जात असतील तेथे लोखंडी खांब उभा करण्याचे काम वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यास विचारल्याशिवाय हाती घेऊ नये.